काचा वर केल्यावर

मिरजेतल्या मोठ्या दवाखान्यांच्या आवारात दुपारच्या वेळी उभ्या असलेल्या गाड्यांकडे जरा निरखून पाहावं. एमएच १० नंबरच्या जीपगाड्या, त्यांच्या शेजारी विजयपूरकडच्या केए २८ च्या. त्यांतल्या बऱ्याचशा रिकाम्या नसतात. पुढची सीट मागं पाडून कुणी म्हातारा डोळे मिटून पडलेला असतो. खिडकीच्या काचेत टॉवेल अडकवून उन्हाला आडोसा केलेला असतो. डॅशबोर्डवर एक्स-रेचा लिफाफा, पायाशी पाण्याचा कॅन, मागच्या सीटवर फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगाची चटणी. आणि एखाद्या गाडीत काचा पूर्ण वर करून एक माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून एकटाच बसलेला असतो. तो कुठं निघालेला नाही, नुकताच आलेलाही नाही. वर डॉक्टरांनी जे सांगितलं ते घरी फोनवर सांगायच्या आधी त्याला दहा मिनिटं स्वतःशी हवी आहेत. ती मिळण्याची जागा त्या अख्ख्या आवारात एवढीच आहे.

मिरजेला ही वर्दळ नवी नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना उभारला, तेव्हापासून सांगलीचा पूर्वभाग आणि पलीकडचा कर्नाटक उपचारासाठी मिरजेची वाट धरत आला आहे. जत हा क्षेत्रफळानं सांगली जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. पाऊस जेमतेम, गावं विखुरलेली, घरं मळ्यामळ्यांत वस्ती करून राहिलेली. उमदी किंवा संखच्या बाजूच्या पेशंटला मिरज गाठायची म्हणजे शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास. पेशंटबरोबर चार माणसं येतात. वॉर्डात एकालाच थांबू देतात. उरलेले गाडीत राहतात. पूर्वी भाड्याची वडाप जीप सोडून निघून जायची आणि नातेवाईक झाडाखाली पथारी टाकायचे. आता गाडी स्वतःची किंवा भावकीतल्या कुणाची तरी असते. तीच स्वयंपाकघर, तीच कपड्यांचं कपाट, आणि वेळ येईल तेव्हा तीच दार लावून रडायची खोलीही.

मोटार घेताना कुणी असा विचार करत नाही. किंमत, ॲव्हरेज, किती माणसं बसतील, घाटात ओढेल का, हे विचारून गाडी घेतली जाते. पण मोटार चालते थोडा वेळ आणि उभी राहते फार. वाहनतळांचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: खासगी मोटार सुमारे ९५ टक्के वेळ उभीच असते. शूप यांचा मुद्दा त्या उभ्या गाड्या शहराची किती जमीन अडवतात हा होता. त्या उभ्या काळात गाडीच्या आत काय चालतं, याकडे लक्ष जायला आणखी काही वर्षं लागली.

आणि ते गेलं जपानमध्ये, अगदी अनपेक्षितपणे. तासाच्या बोलीवर गाड्या भाड्यानं देणाऱ्या तिथल्या कंपन्यांना हिशेब तपासताना दिसलं, की काही गाड्या रीतसर भाड्यानं नेल्या गेल्या, रीतसर परत आल्या आणि एक किलोमीटरही चालल्या नाहीत. २०१९ मध्ये जपानी वर्तमानपत्रांनी याची बातमी केली. कंपन्यांनी ग्राहकांना विचारलं तेव्हा उत्तरं सरळ होती. कुणी दुपारची झोप काढली, कुणी डबा खाल्ला, कुणी फोन चार्ज केला, कुणी कामाच्या दोन भेटींमधला वेळ घालवला. अर्ध्या तासाला सुमारे ४०० येन भाडं. शहरात चार भिंती आणि एक दार यांसाठी तेवढं मोजायला लोक तयार होते. चहाच्या दुकानात बसायला मिळतं, पण तिथं शेजारच्या टेबलावर माणूस असतो. ज्यांना गाडी नको होती, दार हवं होतं, त्यांनी ते मोटारीत शोधलं.

जपान दूर राहिला. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती आणि आणखी सुमारे ३२ टक्के दोन खोल्यांत. म्हणजे दहांतल्या जवळजवळ सात घरांमध्ये एखाद्या माणसाला ‘माझी खोली’ असं म्हणायची सोय नव्हती. मुंबईच्या चाळीत ही टंचाई जागेची असते, ती लगेच समजते. जतच्या मळ्यातल्या वस्तीवर मात्र जागेला तोटा नाही. समोर माळ पसरलेला असतो, क्षितिजापर्यंत माणूस दिसत नाही. तिथं गाडीत जाऊन बसायची गरज कुणाला का पडावी?

या प्रश्नाचा खरा गाभा इथं आहे. चौरस फुटांच्या हिशेबात तो सापडत नाही. माळवदाच्या जुन्या घरात सोपा पुरुषांचा आणि आल्यागेल्याचा, माजघर बायकांचं, आणि सगळी दारं एकमेकांत उघडणारी. पुढं सिमेंटचे स्लॅब पडले, तरी घराची ही वागणूक फारशी बदलली नाही. अशा घरात एकटं बसणं ही सगळ्यांच्या डोळ्यांत येणारी घटना असते. “का रं, असा एकटाच का बसलायस?” “अक्का, कुणी काय बोललं का तुला?” विचारणारा मायेनंच विचारतो. पण उत्तर द्यावं लागतं, आणि ज्याला उत्तर द्यायचं नाही म्हणूनच एकटं बसायचं होतं, त्याचा बेत तिथंच मोडतो. माळावर जाऊन बसलं तर आणखी वाईट. घरातून चौघं शोधायला निघतात. उभ्या गाडीत बसलेल्या माणसाला मात्र कुणी कारण विचारत नाही. तो निघाला असेल, कुणाची वाट पाहत असेल, फोनवर असेल. गाडी त्याच्या वतीनं परस्पर उत्तर देऊन टाकते. एकांत तर इतरत्रही सापडतो. जाब न द्यावा लागणारा एकांत सापडत नाही, आणि मोटारीच्या आत तो फुकट मिळतो.

अभ्यासकांनी याच गोष्टीभोवती वेगवेगळ्या वाटांनी फेऱ्या मारल्या आहेत. आयर्विन ऑल्टमन या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये खासगीपणाची जी व्याख्या केली, तीत एकटेपणाला महत्त्व नाही, नियंत्रणाला आहे: आपल्यापर्यंत कोण, किती आणि केव्हा पोचणार हे ठरवण्याची सत्ता. मोटारीत ही सत्ता बोटाच्या टोकावर असते. काच चार बोटं खाली केली की भाजीवाल्याशी बोलता येतं, वर केली की जग बंद. त्याच वर्षी जे ॲपलटन या इंग्रज भूगोलाभ्यासकानं निसर्गदृश्यांवरच्या ग्रंथात लिहिलं, की माणसाला आपण न दिसता भोवतालचं दिसत राहील अशी जागा मुळातूनच आवडते. मोटारीची बैठक नेमकी तशी आहे. पाठीमागं सीट, डोक्यावर छप्पर, समोर रुंद काच. बाहेर लख्ख ऊन आणि आत सावली असली की आतल्याला बाहेरचं स्वच्छ दिसतं, बाहेरच्याला आतलं धूसर. दाराच्या कडेची रबरी पट्टी खरं तर पाणी, धूळ आणि वाऱ्याचा आवाज अडवायला बसवलेली असते, पण तीच आतला हुंदकाही बाहेर जाऊ देत नाही. शिवाय घरातली सोफ्याची जागा सगळ्यांची असते. सीट मात्र आपल्या मापानं पुढं-मागं सरकवलेली, आरसा आपल्या उंचीला लावलेला. दुसऱ्या कुणी गाडी नेऊन आणली की हे लगेच जाणवतं.

गर्दीच्या मधोमध खासगी कोपरा तयार करण्याची कला मोटारीनं इथं आणली असं मात्र समजू नये. जतच्या यल्लमादेवीच्या यात्रेतला जनावरांचा बाजार घ्या. खिलार खोंडाचा भाव ठरवताना दोन माणसं हस्तांदोलन केल्यासारखा हात हातात घेतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून आकडा बोलतात. भोवती शंभर माणसं उभी असतात, सौदा सगळ्यांच्या देखत होतो, आणि आकडा दोघांतच राहतो. आज डाळिंबाचा किंवा द्राक्षाचा व्यापारी बागेच्या बांधावर येतो, माल पाहतो, आणि भावाची गोष्ट निघाली की “चला, गाडीत बसू” म्हणतो. काचा वर जातात. शेजारच्या बागेवाल्याला भाव कळू नये ही त्यामागची सोय. सोयरीक जुळवताना देण्याघेण्याची बोलणी, भावकीतल्या वाटणीची कुजबुज, निवडणुकीच्या आदल्या आठवड्यातली गणितं, हे सगळं पूर्वी मळ्यातल्या विहिरीवर किंवा देवळामागं चालायचं, ते आता उभ्या गाडीत आलं आहे. रुमालाचं काम काचा करतात.

वाहनातच मुक्काम करण्याचीही इथं जुनी रीत आहे, पण तिच्यात आणि या एकांतात फरक करायला हवा. शेवटची फेरी करून आडगावात थांबणाऱ्या मुक्कामी एसटीत चालक-वाहक झोपतात ते नोकरी म्हणून. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला आलेली मंडळी टेम्पोत पाठ टेकतात ती सोबतीनं. जतमधून कोयता घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांना जाणारे ऊसतोड मजूर नंबर लागेपर्यंत रात्रभर यार्डात गाडीवरच्या उसावर पडून राहतात ते नाइलाज म्हणून. त्यांना छप्परही नसतं आणि दारही नसतं. त्या तोडणाऱ्या बाईला कपडे बदलायला आडोसा म्हणजे बैलगाडीचं चाक आणि वर अंथरलेलं पोतं. वाहन उभं आहे, माणूस त्यात आहे, पण खासगीपणाचा मागमूस नाही. ट्रकचालकाची गोष्ट या दोन्हींच्या मधली. त्याच्या केबिनमध्ये देवाचा फोटो, घरच्यांचे फोटो, चादर, डबा असं छोटं घरच असतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, पण विश्रांतीची जागा बहुतेकांच्या वाट्याला आली नाही. केबिन हीच ती जागा. मध्यम आणि अवजड ट्रकच्या नव्या केबिनना वातानुकूलन सक्तीचं झालं ते १ ऑक्टोबर २०२५ पासून, म्हणजे आत्ता कुठं.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा उल्लेख इथं टाळता येत नाही. परगावाहून आलेल्या किती चालकांनी त्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या सीटवर रात्री काढल्या. ३० ऑक्टोबर २०२३ ला पद्मिनी टॅक्सीचा रस्त्यावरचा काळ संपला, तेव्हा लोकांनी गाडीची आठवण काढली. त्या सीटवर झोपून ज्यांनी गावी घर बांधलं त्यांची आठवण फारशी निघाली नाही.

मग येतो जोडप्यांचा विषय, आणि तिथं उभ्या गाडीकडं बघण्याची समाजाची नजर एकदम बदलते. व्यापारी काचा वर करून बसला तर तो शहाणा. तरुण-तरुणी बसली तर काचेवर काठी वाजते. मुंबई पोलीस कायदा (आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा), १९५१ चं कलम ११० सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल आहे, आणि असभ्य म्हणजे काय हे समोरच्या शिपायाच्या मनावर. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतल्या मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलच्या बंद खोल्यांतून चाळीसच्या आसपास जोडपी उचलून पोलिसांनी अनेकांवर हेच कलम लावलं होतं. बंद खोलीची ही गत, तर गाडीची काय असणार? २०२१ च्या पावसाळ्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, बोरिवलीतल्या एका सोसायटीसमोर जोडपी गाड्या लावून बसू लागली तेव्हा रहिवाशांनी रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असं रंगवून टाकलं. रहिवाशांची अडचण खोटी नव्हती. आपल्या दारासमोर दुसऱ्याचा शृंगार कुणाला हवा असतो? पण त्या महिन्यांत बागा बंद होत्या, चौपाट्या बंद होत्या, थिएटरं बंद होती आणि घरात सगळं कुटुंब दिवसभर हजर होतं. ती मुलं कुठं जाणार होती, याचं उत्तर त्या रंगाच्या डब्यात नव्हतं.

कायद्यालाही मोटारीचं काय करावं हे एका सुरात सांगता आलेलं नाही. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म उतरवायला लावल्या. काळ्या काचांआड गुन्हे होतात हे कारण होतं, आणि ते खरंच होतं. पाच वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ मध्ये बिहारच्या दारूबंदीच्या एका खटल्यात न्यायालय म्हणालं, की सार्वजनिक रस्त्यावरची खासगी गाडी त्या कायद्यापुरती सार्वजनिक जागाच आहे. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं गाडीत एकटा असलेल्या चालकालाही मास्क सक्तीचा ठरवला. आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं हरियाणातल्या बूटा सिंग खटल्यात रस्त्यालगत उभ्या असलेल्या खासगी जीपबद्दल नेमकं उलट सांगितलं: अमली पदार्थांच्या कायद्याच्या दृष्टीनं ती सार्वजनिक जागा नव्हे, तेव्हा झडतीचे कडक नियम पाळायलाच हवे होते. ते पाळले नाहीत म्हणून आरोपी सुटले. एकाच महिन्यात मोटार सार्वजनिकही ठरली आणि खासगीही. कायद्याच्या भाषेत यात विसंगती नाही, कारण प्रत्येक कायद्याची व्याख्या वेगळी. पण काच वर करून बसलेल्या माणसाला आपण घरात आहोत की रस्त्यावर, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट फार कमी बोलली जाते. हा एकांत किल्लीवर मिळतो, आणि किल्ली कुणाच्या खिशात असते? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या साडेसात टक्क्यांच्या आसपास घरांत मोटार होती. वाहन चालवण्याचे परवाने पाहिले तर त्यांत स्त्रिया शंभरात दहाही भरत नाहीत. जतसारख्या तालुक्यात मोटार चालवणारी बाई आजही वळून पाहिली जाते. घरात भांडण झालं की पुरुष किल्ली उचलून बाहेर पडतो, गावाबाहेर गाडी लावून अर्धा तास बसतो आणि शांत होऊन परततो. बाईसाठी ही सोय फार तर न्हाणीघराची कडी. शहरातल्या नोकरदार स्त्रिया मात्र घरासमोर पोचल्यावरही पाच-दहा मिनिटं गाडीतच बसतात, कचेरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली तेवढीच फट. त्या फटीला आळस म्हणणाऱ्यांनी दार उघडताक्षणी त्यांच्यावर काय काय येऊन पडतं ते एकदा मोजावं. टाळेबंदीच्या काळात मानसोपचारतज्ज्ञांशी ऑनलाइन बोलण्यासाठी खाली पार्किंगमध्ये जाऊन बसणारे अनेक जण होते, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं ती माणसं घरातच होती. एप्रिल २०२० मध्ये भोपाळच्या एका सरकारी रुग्णालयातला डॉक्टर घरच्यांना लागण होऊ नये म्हणून रात्री आपल्या मोटारीत राहत होता. पुस्तकं आणि साबण मांडलेल्या त्या गाडीचं छायाचित्र तेव्हा देशभर पाहिलं गेलं.

गाडी ही खोली नव्हे, हेही ठणकावून सांगायला हवं, कारण चूक जिवावर बेतते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं, की बाहेर फारसं कडक ऊन नसतानाही बंद मोटारीतलं तापमान तासाभरात सुमारे २२ अंश सेल्सियसनं चढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जतचा पारा चाळिशी ओलांडतो. तिथं लहान मूल किंवा म्हातारं माणूस गाडीत ‘पाचच मिनिटं’ ठेवून जाणं म्हणजे त्याला भट्टीत ठेवणं. इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपायचं, तर बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघं जण असेच जनरेटरच्या धुरानं गेले. विजेच्या गाड्यांत धूर नसल्यामुळं हा धोका टळतो, आणि काही कंपन्यांनी उभ्या गाडीत एसी चालू ठेवण्याची खास सोय द्यायला सुरुवातही केली आहे. लोक गाडी उभी करून आत बसतात, हे त्यांनी ओळखलं.

दवाखान्यांनी, न्यायालयांनी, बसस्थानकांनी ते ओळखलेलं नाही. एसटीच्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष झाले, ही या दिशेनं सरकारनं केलेली एक खरी गोष्ट. त्यांतल्या कित्येकांना कुलूप असतं किंवा आत अडगळ भरलेली असते, अशा बातम्या येत राहतात. अमेरिकेत सँटा बार्बरा शहरानं २००४ मध्ये मोटारीत राहणाऱ्या बेघरांसाठी रात्री सुरक्षित वाहनतळ खुले केले. आपल्याला तेवढं नको. दवाखान्यात शस्त्रक्रिया विभागाच्या बाहेर दोन छोट्या खोल्या, ज्यांत नातेवाईक दार लावून फोन करू शकतील. कौटुंबिक न्यायालयात बाकांच्या रांगेपासून दूर एक जागा, जिथं घटस्फोटाच्या तारखेला आलेली बाई वकील येईपर्यंत एकटी बसेल. तालुक्याच्या वाचनालयात एक कोपरा, जिथं मुलीनं नुसतं बसलेलं चालेल. या गोष्टींना मोटारीइतका खर्च येत नाही. आज मिरजेला एसटीनं आलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला वाईट बातमी कळते तेव्हा तो जिन्यात उभा राहतो, भिंतीकडं तोंड करून, आणि ये-जा करणारे प्रत्येक वेळी त्याला विचारतात: काय झालं?